कृषी पर्यटन केंद्राची आरक्षण-वही : ऑनलाइन प्रणालीची निवड कशी करावी?

शेतीस पूरक असा जोडधंदा हवा, ही गोष्ट आता कोणास नव्याने पटवून द्यावयास नको. बारामती तालुक्यापुरते बोलावयाचे, तर येथे बागायत आणि जिरायत असे दोन स्पष्ट भाग पडतात. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस उभा असतो. परंतु कऱ्हा नदीच्या काठचे मोरगाव, सुपे आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पर्जन्यछायेत येतात. बाजरी, ज्वारी, थोडेफार डाळिंब आणि दूधदुभते एवढ्यावर येथील कुटुंबास वर्ष काढावे लागते. अशा भागात घरी येणारा पाहुणा हेही एक पीकच होय, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

हे पीक मोरगावास नवे नाही. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ आणि शेवट मयूरेश्वराच्या दर्शनाने करावा, असा प्रघात आहे. भाद्रपद आणि माघ या दोन्ही महिन्यांत येथे मोठी यात्रा भरते. जवळच जेजुरीचा खंडोबा आहे व सुप्यास चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. याच परिसरातील पळशीवाडी येथे श्री. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रकल्प उभा केला आणि पुढे राज्यात या धंद्याचा मोठा प्रसार झाला. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले व पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होऊ लागली. त्यामुळे दोन-तीन खोल्या बांधून, चुलीवरची भाकरी वाढून पाहुण्यांची सोय करणारी कुटुंबे आता या भागात दिसू लागली आहेत.

या कुटुंबांपुढे आज एक नवाच प्रश्न उभा आहे. पाहुणा मोबाईलवर खोली राखून ठेवू इच्छितो. मग त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? या प्रश्नावर काही विचार ग्रामस्तरीय कार्यकर्ते व शेतकरी बंधुभगिनी यांच्यापुढे ठेवावेत, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एका अंगारकीची गोष्ट

मोरगावपासून जवळच्या एका वाडीवर तीन खोल्यांचे एक केंद्र आहे. एका अंगारकीच्या आदल्या रात्री मी कामानिमित्त तेथे मुक्कामास होतो. रात्री नऊच्या सुमारास दोन मोटारी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही कुटुंबांकडे एकाच खोलीचे आरक्षण होते. एका कुटुंबाने ते एका पोर्टलावरून पैसे भरून केले होते. दुसऱ्याने दूरध्वनीवरून घरातील वडीलधाऱ्या आबांकडून शब्द घेतला होता. आबांनी भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्याची नोंदही केली होती. परंतु पोर्टलाचा संदेश मुलाच्या मोबाईलवर आला होता आणि मुलगा त्या दिवशी डाळिंबे घेऊन बाजारात गेला होता. दुसऱ्या मोटारीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. शेवटी घरच्यांनी आपले माजघर रिकामे करून दिले आणि स्वतः ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. तरीही पाहुणे सकाळी रुसूनच गेले, आणि त्या रोषाचे चार शब्द पोर्टलावर कायमचे नोंदले गेले.

या अनुभवानंतर मुलाने एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून वर्षभराचे पैसे आगाऊ भरून एक सॉफ्टवेअर घेतले. ते मोठ्या हॉटेलासाठी तयार केलेले होते. त्यात उपाहारगृहाची टेबले होती, धुलाईचे कपडे मोजण्याची सोय होती. परंतु एका दिवसासाठी येणाऱ्या शाळेच्या सहलीची नोंद कोठे करावी, याचे उत्तर नव्हते. तीन महिन्यांत घर पुन्हा भिंतीवरील दिनदर्शिकेकडे वळले. वर्षाअखेर आपल्याच पाहुण्यांची यादी मागितली, तर ती एकत्रित स्वरूपात मिळेना. त्या वेळी आबा मला म्हणाले, "साहेब, खोल्या तीनच, पण वह्या चार झाल्या. यातली खरी कोणती, तेवढे सांगा."

माझ्या मते या विषयाचे सारे मर्म आबांच्या त्या एका वाक्यात आहे.

एक खोली, एक रात्र, एक नोंद

आरक्षण-प्रणालीचे पहिले काम पाहुणे आणणे हे नव्हे, आकर्षक छायाचित्रे दाखविणे हेही नव्हे. अमुक रात्री अमुक खोली रिकामी आहे की भरलेली, याची एकच खरी नोंद ठेवणे, हे तिचे पहिले काम होय.

रेल्वेचे उदाहरण घ्या. पूर्वी निरनिराळ्या गाड्यांचे आरक्षण निरनिराळ्या खिडक्यांवर, हाताने लिहिलेल्या निरनिराळ्या वह्यांतून होत असे. ज्या गाडीची वही ज्या खिडकीवर, त्याच खिडकीपुढे रांग धरावी लागे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. २००२ साली तेच काम इंटरनेटवरून घरबसल्या होऊ लागले. खिडक्या वाढल्या, पुढे घराघरांत पोहोचल्या. परंतु वही एकच राहिली. सुधारणेचे खरे बीज त्या एका वहीत होते.

आपल्या लहान केंद्रात नेमके उलट घडते. दूरध्वनी, व्हॉट्सॲप आणि दोन पोर्टले अशा खिडक्या वाढतात आणि प्रत्येक खिडकीबरोबर एक नवी वहीही निर्माण होते. एका पोर्टलावर खोली गेली, हे दुसऱ्यास आपोआप कळत नाही. ते कळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे दोन पोर्टलांची कॅलेंडरे परस्परांस जोडणे. यास बहुधा वेगळा खर्च येत नाही. परंतु एका कॅलेंडरातील बदल दुसऱ्यावर उमटण्यास काही तास लागू शकतात. एरवी हे चालून जाते. अंगारकीच्या आदल्या दिवशी मात्र तेवढ्याच तासांत घात होतो. दुसरा मार्ग 'चॅनल मॅनेजर' या नावाने ओळखला जातो. त्यात मध्यवर्ती नोंद एकच असते व खोली जाताच सर्व पोर्टलांवर ती जवळजवळ तत्काळ बंद होते. यास मासिक आकार पडतो.

दोन टोकांची मते

काही अनुभवी मंडळी म्हणतात, "तीन खोल्यांस सॉफ्टवेअर कशाला? वही आणि दूरध्वनी पुरे." हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्याचे सर्व पाहुणे ओळखीतून येतात, ज्याच्या घरी दूरध्वनी एकच व्यक्ती घेते आणि जो कोणत्याही पोर्टलावर नाही, त्यास वहीच पुरेशी आहे. त्याने केवळ इतरांनी घेतले म्हणून सॉफ्टवेअर घेऊ नये. परंतु एखाद्या पोर्टलावर नाव नोंदविले, त्या दिवसापासून हे मत लागू पडत नाही. कारण आपण झोपलो असतानाही ते पोर्टल आपली खोली देत असते.

दुसऱ्या टोकाचे मत तरुण मंडळींचे. ते म्हणतात, "सर्व काही मोठ्या पोर्टलावर सोपवून द्यावे, पाहुणेही तेच आणतील, वहीही तेच ठेवतील." हे मत मला अधिक धोक्याचे वाटते. आपला माल आडत्याकडे द्यावा, यात गैर काही नाही. परंतु हिशोबाची वहीही आडत्याच्याच दुकानात ठेवावी आणि गिऱ्हाईकाचे नावही आपणास ठाऊक नसावे, हे शहाणपणाचे नव्हे. फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे आपल्या राज्यात २०१६ साली ठरले. खोलीच्या धंद्यात तसे काही नाही. पोर्टलाचे कमिशन मालकाच्याच पैशातून कापले जाते.

निवडीपूर्वी घरची मोजणी

बियाणे घेण्यापूर्वी आपण जमिनीचा कस पाहतो. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअर पाहण्यापूर्वी गेल्या वर्षाचा हिशोब मांडावा. किती खोल्या किती रात्री भरल्या? त्यांपैकी किती पाहुणे ओळखीतून आले, किती पोर्टलावरून? किती मंडळी मुक्कामास न राहता केवळ जेवणास, हुरड्यास अथवा सहलीस आली?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हॉटेलाचे सॉफ्टवेअर खोल्या मोजते. आपले केंद्र बहुतांशी माणसे मोजते. थंडीत हुरड्यासाठी येणारा गट माणशी दर देतो, दिवसभर राहतो आणि संध्याकाळी परत जातो. खोल्या तिन्ही रिकाम्या असतात. परंतु शंभर मुले अंगणात असताना मुक्कामाच्या पाहुण्यास शांतता कोठून मिळणार आणि चूल तरी किती जणांचे भागविणार? म्हणून दिवसाच्या सहलीची नोंद व त्या दिवसाची माणसांची कमाल मर्यादा ज्या प्रणालीत घालता येत नाही, ती कृषी पर्यटन केंद्रास निम्म्यानेच उपयोगी, असे समजावे.

दर आणि तिथी यांचेही असेच आहे. सॉफ्टवेअरला शनिवार-रविवार कळतो. संकष्टी, अंगारकी, माघी चतुर्थी वा सोमवती अमावास्या कळत नाही. या तिथी दर वर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे सरकतात. तेव्हा वर्षारंभी पंचांग पुढे घेऊन असे सर्व दिवस प्रणालीत स्वतः नोंदवावेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे प्रदर्शन जानेवारीत भरते, तेही दिवस ध्यानात घ्यावेत. यात्रेच्या दिवसांत पोर्टले बंद ठेवून केवळ थेट आरक्षण घ्यावे, असा माझा सल्ला आहे. त्या दिवशी पाहुणा आपणहून येणारच असतो. त्यासाठी कमिशन का द्यावे?

खर्चाचे गणित

सॉफ्टवेअरचे दर दोन प्रकारचे असतात : ठरावीक मासिक आकार, किंवा प्रत्येक आरक्षणामागे काही टक्के. यांतील स्वस्त कोणते, हे खोल्या किती रात्री भरतात यावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल, एका खोलीचे एका रात्रीचे भाडे २,००० रुपये आणि सॉफ्टवेअरचा आकार महिना १,००० रुपये, म्हणजे वर्षास १२,००० रुपये धरू. मोठ्या पोर्टलांचे कमिशन सामान्यतः १५ टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक असते. येथे ते कर वगळून १५ टक्के, म्हणजे रात्रीस ३०० रुपये धरू. तीन खोल्यांच्या केंद्रात वर्षास १,०९५ खोली-रात्री असतात. त्यांपैकी ४० भरल्या, तर कमिशन १२,००० रुपये होते. म्हणजे दोन्ही खर्च सारखेच. १२० भरल्या, तर कमिशन ३६,००० रुपये होईल. सॉफ्टवेअरचा आकार मात्र १२,००० रुपयेच राहील. याउलट १५ रात्रीच भरल्या, तर सॉफ्टवेअर रात्रीस ८०० रुपये खाईल.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आपले स्वतःचे सॉफ्टवेअर पाहुणे आणत नाही. ते आलेल्या पाहुण्याची नोंद ठेवते. पोर्टल अनोळखी पाहुणा आणते, हे मान्य केलेच पाहिजे. तेव्हा वरील तुलना जे पाहुणे एरवीही आपणाकडेच आले असते त्यांच्यापुरतीच खरी आहे. म्हणून नव्या केंद्राने प्रथम आरक्षणामागे आकार घेणारी साधी सोय पत्करावी. थेट येणाऱ्या पाहुण्यांच्या रात्री वाढून ठरावीक आकार परवडू लागला, म्हणजे मग त्याकडे वळावे. पोर्टलावरून प्रथम आलेला पाहुणा दुसऱ्या खेपेस थेट यावा, हे मालकाच्या आतिथ्यावर अवलंबून आहे. ते कोणत्याही यंत्रास जमणारे नाही.

विकत घेण्यापूर्वी करावयाच्या चाचण्या

नवे वाण आपण एकदम साऱ्या रानात पेरीत नाही. सॉफ्टवेअरही आधी महिनाभर विनामूल्य वापरून पाहण्यास मिळेल, तरच घ्यावे, आणि त्या महिन्यात पुढील चाचण्या घरीच कराव्यात.

१. दोन मोबाईलवरून एकाच वेळी एकाच खोलीचे आरक्षण करण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही यशस्वी झाले, तर पुढे काही पाहूच नये.

२. जेथे मोबाईलची रेंज कमी असते, अशा ठिकाणी वापरून पाहावे. रेंज गेली तरी त्या दिवसाची यादी हाती राहील, अशी सोय हवी.

३. घरात जी व्यक्ती दूरध्वनी घेते आणि जी स्वयंपाक करते, त्या दोघांसही ते वापरता आले पाहिजे. उद्या किती पाने वाढावयाची, हे घरच्या गृहिणीस एका दृष्टिक्षेपात कळावे. केवळ शिकलेल्या मुलालाच कळणारी प्रणाली मुलगा बाजारात गेला की निरुपयोगी ठरते.

४. आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात व किती दिवसांनी जमा होते, हे एक रुपया भरून पाहावे. युपीआयने पैसे थेट आपल्या बँक खात्यात येणे सर्वांत चांगले. आरक्षण रद्द झाल्यास परतावा किती, हा नियम पाहुण्यास मराठीत व स्पष्ट दिसावा.

५. पाहुण्यांची संपूर्ण यादी तक्त्याच्या स्वरूपात आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. ती उतरविता आली नाही, तर ती वही आपली नव्हे.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी

करारनामा इंग्रजीत असतो व तो वाचला जात नाही, हा आपला जुनाच दोष आहे. निदान तीन गोष्टी वाचून घ्याव्यात. पहिली गोष्ट, करार किती मुदतीचा व तो मोडल्यास काय द्यावे लागते. दुसरी, दर ठरविण्याचा आपला हक्क अबाधित राहतो की नाही. ही शंका निराधार नाही. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांस २२३.४८ कोटी रुपये आणि ओयोस १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या पोर्टलावर याहून कमी दराने खोली देऊ नये, अशा स्वरूपाची हॉटेलांवर घातलेली बंधने मेकमायट्रिपने काढून टाकावीत, असाही त्या आदेशाचा एक भाग होता. मोठमोठ्या हॉटेलांसही जी अट जाचक झाली, ती तीन खोल्यांच्या शेतकऱ्याने न वाचता मान्य करू नये.

तिसरी गोष्ट पाहुण्यांच्या माहितीची. पाहुण्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्र ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. ओळखपत्रांची छायाचित्रे घरातील सर्वांच्या मोबाईलवर फिरू देणे बरे नव्हे. परदेशी पाहुणा मुक्कामास आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळविणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस विनंती

कोणत्याही एका कंपनीची शिफारस करणे हे आपले काम नव्हे. ज्याप्रमाणे आपण पिकाचे प्रात्यक्षिक शेतावर घेतो, त्याचप्रमाणे गावातील एखाद्या चालू केंद्रावर चार-सहा केंद्रचालकांस एकत्र बसवून वरील चाचण्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यातून आणखी एक लाभ संभवतो. मोरगाव-सुपे भागातील केंद्रांनी परस्परांची रिकामी खोली पाहता येईल अशी सामाईक सोय केली, तर एकाकडे जागा नसलेला पाहुणा शेजारच्या वाडीवर जाईल. तो पुण्यास परत फिरणार नाही. एका विहिरीवर चार मोटा चालविणाऱ्या आपल्या वाडवडिलांस पाळीपाळीचा हा व्यवहार चांगला ठाऊक होता.

आबांनी पुढे काय केले, हे सांगून लेख संपवितो. त्यांनी महागडे सॉफ्टवेअर सोडले, एक पोर्टल बंद केले आणि दुसरे ठेवले. आरक्षणामागे अल्प आकार घेणारी एक साधी प्रणाली घेतली आणि घरात एक नियम घातला : दूरध्वनीवर कोणासही शब्द देण्यापूर्वी मोबाईलमधील त्या एका वहीत नोंद करावयाची; नोंद नाही, तर शब्द नाही. हा नियम सूनबाई, मुलगा आणि आबा असे तिघेही पाळतात. भिंतीवरील दिनदर्शिका अजून तेथेच आहे. परंतु आता ती फक्त तिथी पाहण्यास उपयोगी पडते.

दिलेला शब्द पाळणे ही आपल्या घरांची जुनी पत आहे. ती राखण्यास जे साधन मदत करील, तेच घ्यावे. त्याचा आकार लहान असो वा मोठा, नाव प्रसिद्ध असो वा नसो, वही एक असावी आणि ती आपल्या घरात असावी, एवढेच शेतकरी बंधुभगिनींनी कटाक्षाने पाहावे.